जिभेखालची गोळी

वर्षाराणीचं चुकलं ते एवढंच, की लेकीला सांगायचं तिनं दुसऱ्या दिवसावर ढकललं.

हुपरीत ती घरी बसून पैंजणांचं जोडकाम करायची. वाकून वाकून कंबर धरली, कुणीतरी दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या, आणि दोनाच्या आठ कधी झाल्या हे तिचं तिलाच कळलं नाही. एका दुपारी सहा वर्षांची तेजस्वी उपाशीपोटी हाका मारत राहिली आणि आई हलेना. तेव्हा सासूनं, अंबूबाईंनी, नातीला उचललं आणि थेट कुरुंदवाडला आपल्या लेकीकडं नेलं. अंबूबाई तोंडाच्या फटकळ, पण त्या दिवशी त्यांनी केलं ते बरोबरच केलं.

त्याला आठ महिने झाले. आता वर्षाराणी व्यसन सोडवायची गोळी रोज सकाळी जिभेखाली धरते. ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात आयांची बैठक भरते, तिथं बैठक घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, पोरांना हे आधी सांगून ठेवा. पण काल अंबूबाईंनी तेजस्वीला परत आणलं, लेक कुशीत आली आणि हिला लाज आडवी आली. अंबूबाईंचं मात्र ठरलेलं होतं. दोन दिवस बघायचं. जमलं तर पोरगी ठेवायची, नाहीतर परत न्यायची.

सकाळी तेजस्वीनं हाक मारली. एकदा, दोनदा. आई गप्प. पोर रडली नाही. स्टूल ओढून तिनं चिरमुऱ्याचा डबा काढला, आजीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि कोपऱ्यात एकटीच खात बसली. आई गोळ्यांच्या गुंगीत पडलेली असायची, तेव्हाही ती असंच करायची. अंबूबाई पिशवी भरू लागल्या.

वर्षाराणी लेकीपुढं जाऊन बसली. तोंड उघडून, जीभ उचलून तिनं गोळी दाखवली आणि तिचा हात धरून ठेवला. गोळी संपल्यावरच ती बोलली.

"हे औषध हाय, तेजू. हे तोंडात असताना बोलता येत न्हाय. पण आता मला ऐकू येतंय. तवा येत नव्हतं. ते माझं चुकलं."

पोरीनं विश्वास ठेवला नाही. का ठेवावा?

"मग आज्जीला मी काय म्हटलं, सांग."

"आई परत तसलीच झाली, म्हणालीस."

अंबूबाईंचा हात पिशवीतच थांबला. तेजस्वीनं डबा खाली ठेवला.

"उद्या पण गप्प बसणार?"

"रोज."

"मग मी बोलत बसणार," ती म्हणाली. "आणि नंतर समदं विचारणार."