कमळतळ्याची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नाही, चष्म्याची नाही, आरशाची तर मुळीच नाही. मी फोटोची मूळ काच. तुम्ही आता फोनवर बोट टेकवता आणि फोटो निघतो. पूर्वी तो आधी माझ्यासारख्या काचेवर उतरायचा आणि मग माझ्यावरून कागदावर त्याच्या प्रती काढल्या जायच्या. माझ्यावरचे चित्र उलटे असते. आकाश काळे, सावली पांढरी. त्यामुळे मला पाहून कोणी 'वा!' म्हणत नाही. 'वा!' म्हणतात ते कागदावरच्या फोटोला. म्हणून आधीच सांगून टाकते, त्या फोटोचा मी आयुष्यभर हेवा केला. तो माझ्याच पोटचा, तरीही केला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या एका अंगावर उजेड टिपणारा पातळ लेप दिला गेला आणि काळ्या कागदात गुंडाळून मला माझ्या बहिणींबरोबर पेटीत भरले. ती पेटी एका छायाचित्रकाराने विकत घेतली. सगळे त्यांना फोटोवाले काका म्हणत. उंच, किडकिडीत आणि सतत स्वतःशीच बोलणारे. शहरातल्या मोठ्या बागेचे सगळे फोटो तेच काढायचे. गुलाबाची कमान, ताडांची रांग, वाद्यवृंदाचा चौथरा, असे एकेक करून माझ्या बहिणींवर उतरले. मग माझी पाळी आली.

त्या दिवशी बागेतल्या नव्या कमळतळ्याचा समारंभ होता. पायऱ्यांवर बागेचे अधीक्षक पाहुण्यांसह ऐटीत उभे होते. काकांनी तिपाईवर कॅमेरा चढवला, डोक्यावर काळे कापड ओढले आणि तितक्यात बाहेर डोके काढून ओरडले,

"अहो बाई! तुम्ही, झारी घेतलेल्या! आहात तिथेच थांबा."

तळ्याच्या उजव्या कडेला रोपवाटिकेत काम करणारी एक तरुण बाई उभी होती. ती गडबडली. "मी? मी जाते ना बाजूला."

"आता पळालात तर फोटोत धुरासारख्या उमटाल. त्यापेक्षा उभ्या राहा. आणि हलू नका."

ती उभी राहिली. ऊन समोरून येत होते. एक डोळा बारीक करून ती थेट माझ्याकडे बघत राहिली. पाहुण्यांपैकी एकाने मान वळवली, दुसरा शिंकला, पण ती हलली नाही. कॅमेऱ्याचे झाकण उघडले, उजेड आत आला, आणि तळे, पायऱ्या, साहेब, पाहुणे, ती बाई असे सगळे माझ्या अंगावर उतरले.

लाल दिव्याच्या खोलीत काकांनी मला औषधाच्या पाण्यात बुडवले. हळूहळू चित्र वर येऊ लागले तसे ते पुटपुटले, "जमली! अगदी जमली!" मित्रांनो, पुढे कितीतरी वर्षे मला मिळालेले कौतुक ते एवढेच.

काकांनी माझ्यावरून पहिली प्रत काढली आणि अधीक्षकांना दाखवायला नेली. सोबत मलाही नेले, काही दुरुस्ती सांगितली तर असावी म्हणून.

"झकास!" अधीक्षक म्हणाले. "पण ही कडेला कोण?"

"रोपवाटिकेतली बाई आहे, साहेब. तळ्यातले कमळाचे कंद हिनेच लावलेत."

"लावले असतील. पण हा समारंभाचा फोटो आहे. ती नको."

"बघतो," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी धारदार पाते हातात घेतले. माझ्यावरची ती बाई खरवडून टाकली की काम संपले असते. पाते माझ्या अंगाशी आणून ते थांबले. "खरवडलं की गेलं कायमचं," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी काळ्या कागदाची एक पट्टी कापली, तिला डिंक लावला आणि माझ्या पाठीवर, बरोबर त्या कडेवर चिकटवली. पट्टीतून उजेड जात नाही, त्यामुळे पुढच्या प्रतींमधून ती बाई नाहीशी झाली. पहिली प्रत काकांनी फाडून टाकली.

त्यानंतर काढलेला फोटो मोठ्या थाटात निघाला. सोनेरी चौकटीत बसून तो बागेच्या कचेरीत भिंतीवर चढला. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबायचा. मग तो कॅलेंडरवर आला, प्रवेशाच्या तिकिटावर आला, शाळेच्या पुस्तकात आला. एका साबणाच्या वेष्टनावरसुद्धा आला! आणखी प्रती हव्या झाल्या की काका मला पेटीतून काढायचे, कागदावर दाबून बसवायचे, क्षणभर उजेड दाखवायचे आणि परत अंधारात ठेवून द्यायचे. "काय मागणी आहे हो तुमच्या फोटोला!" गिऱ्हाईक म्हणायचे. काका खुशीत हसायचे. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. अंगावर काळी पट्टी, उलटे चेहरे, मला कोण भिंतीवर लावणार?

मी जळफळत होते. जन्म मी द्यायचा आणि मिरवायचे त्याने! रोज सकाळी कचेरीतला शिपाई त्याची चौकट मऊ फडक्याने पुसतो, हे ऐकले तेव्हा तर माझा अगदी तिळपापड झाला. माझ्या पेटीवर धूळ साचली होती आणि त्या धुळीवर कोणीतरी बोटाने मांजराचे चित्र काढून ठेवले होते.

वर्षे गेली. काकांची नजर अधू झाली. त्यांनी आमच्या पेट्या बागेच्या कचेरीला देऊन टाकल्या. "नीट ठेवा," एवढेच ते म्हणाले. कचेरीने आम्हाला अवजारांच्या खोलीत, रंगाच्या डब्यांमागे ठेवले.

मग एका दुपारी जोराची गारपीट झाली. रोपांसाठी बांधलेल्या काचघराच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यांचा मुकादम आमच्या खोलीत शिरला, पेट्या उघडून बघितल्या आणि खूश झाला.

"अरे, इथे एवढ्या काचा पडल्यात की! सोड्याच्या गरम पाण्यात टाका. काळं निघून जाईल."

मित्रांनो, माझ्या बहिणी एकेक करून बादलीत गेल्या. गुलाबाच्या कमानीची काच पेटीत माझ्या शेजारीच असायची. सकाळी तिच्यावर कमान होती, फुले होती, कमानीखाली बसून गप्पा मारणारी दोन माणसे होती. दुपारी ती स्वच्छ, रिकामी काच होती. मग माळ्याने मला उचलले. पाण्याची वाफ माझ्या अंगाला लागली.

"मुकादम, हिच्यावर पट्टी चिकटलीय. घासून घासून नखं दुखली, निघत नाही."

"राहू दे मग. एका काचेवाचून काही अडत नाही."

ज्या पट्टीचा मला राग होता, तिच्यामुळेच मी वाचले. वाचल्याचा आनंद मात्र फार टिकला नाही. आता मला बहिणींचाही हेवा वाटू लागला. त्यांच्यावर ऊन पडत होते, त्यांच्याखाली रोपे तरारत होती, आणि मी एकटी रिकाम्या पेटीत. स्वतःचे चित्र गमावून कोणाचे भले होत नसते, हे मला कळत होते. पण एकटेपणात कळलेले वळत नाही. पुढे ते काचघरही पाडले गेले, आणि त्या कुठे गेल्या ते मला आजवर समजलेले नाही.

बागही बदलत गेली. मला खोलीच्या दारातून बोलणे ऐकू यायचे. तळ्यात डास होतात म्हणून ते बुजवले. त्यावर फरशी घालून गाड्या उभ्या करायला जागा केली. कमान गंजली, ती भंगारात गेली. नव्या लोकांना तर तिथे तळे होते हेही ठाऊक नव्हते. म्हाताऱ्या माणसांनी सांगितले तर मुले हसायची.

शेवटी शहरातल्या लोकांनीच मागणी केली, आमची जुनी बाग आम्हाला परत करा. मग दफ्तरखान्यातल्या एक ताई आल्या. जुने नकाशे, रोपांच्या याद्या, माळ्यांचे हजेरीपट, लोकांच्या घरातले फोटो असे सगळे त्या गोळा करत होत्या. कचेरीतला तो प्रसिद्ध फोटोही त्यांनी उतरवून घेतला आणि कपाळाला हात लावला. तो इतकी वर्षे खिडकीसमोर टांगलेला होता. उन्हाने त्याचा रंग पार चहासारखा झाला होता आणि खालचा भाग कसरीने खाल्ला होता. तळे कुठे संपते आणि पायऱ्या कुठे सुरू होतात, काही कळत नव्हते. खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला.

"याची मूळ काच असेल का हो कुठे?" ताईंनी आमच्या दारात उभे राहून विचारले.

माझी अशी चौकशी कोणी पहिल्यांदाच करत होते.

ताईंनी मला शोधून काढले, मऊ कुंचल्याने झाडले आणि खालून उजेड असलेल्या टेबलावर ठेवले. मग कापसाचा ओलसर बोळा घेऊन त्या पट्टीच्या मागे लागल्या. मुकादमाच्या माणसाला जे घासून जमले नाही, ते त्यांना धीराने जमले. काळा कागद थोडा थोडा मऊ झाला, सुटला, आणि झारी घेतलेली ती बाई पुन्हा उजेडात आली. तिच्यामागे दगडी विहीर होती.

"अहो, ही विहीर तर अजून आहे!" बागेचा नवा आराखडा करणारे गृहस्थ जवळजवळ ओरडलेच. "जाळीने झाकलेली. म्हणजे पायऱ्या तिच्या डावीकडे. इथून मोजलं की तळं सापडलं!"

आणि खरेच सापडले. फरशी उकरल्यावर पहिली पायरी तिथेच निघाली.

आता तरी माझे कौतुक होईल असे मला वाटले. कसले काय! ताईंनी माझ्यावरून एक नवी प्रत काढली, दाराएवढी मोठी, आणि ती बागेच्या प्रदर्शनात लावली. लोकांची झुंबड उडाली. वा, काय फोटो! काय बारकावा! मी शेजारच्या खोलीत टेबलावर पडून सगळे ऐकत होते. पुन्हा तेच दुखणे.

अशा वेळी एक आजी सुनेचा हात धरून ताईंच्या खोलीत आल्या. चालून दम लागला होता, तरी बसायला तयार होईनात.

"बाहेर तो मोठा फोटो आहे ना," त्या म्हणाल्या, "त्यात कडेला बाई आहे. झारीवाली. ती माझी आई."

ताईंनी त्यांना पाणी दिले. "कशावरून ओळखलंत, आजी?"

"ती इथे रोपवाटिकेत होती. मी शाळेतसुद्धा जात नव्हते तेव्हा तापाने गेली. घरात तिचा एक फोटो नाही. चेहरा विसरत चालले होते बघा. पण उन्हात एक डोळा बारीक करून बघतेय ना, तशीच बघायची ती माझ्याकडे."

"आई, तुम्हीही तसंच बघता," सून हळूच म्हणाली.

ताईंनी हजेरीपट काढला. आजींनी सांगितलेले नाव रोपवाटिकेच्या माणसांत होते. मग ताईंनी त्या बाईची एक वेगळी प्रत काढून आजींच्या हातात ठेवली. आजींनी ती छातीशी धरली, पुन्हा लांब केली, पुन्हा छातीशी धरली. मी त्यांच्या कोपराजवळच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मला वाटले, हेही माझ्या नशिबी नाही. तिचे हे बोलके डोळे माझ्यावर उतरले, पट्टीखाली मी ते सांभाळले, आणि छातीशी धरला गेला तो कागद!

"आजी, ही मूळ काच," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या आईसमोर हीच होती. बघायची?"

त्यांनी दिवा लावला. आजी वाकल्या. 

"अगं बाई," मग त्या म्हणाल्या, "हिचे केस पांढरे!"

"आजी, काचेवर सगळं उलटं..." ताई सांगू लागल्या. सुनेने हलकेच त्यांचा हात दाबला. 

माझ्यावर तिचे काळेभोर केस खरोखरच कापसासारखे पांढरे होते. भुवयाही पांढऱ्या.

"मी म्हातारी झाले," आजी म्हणाल्या, "पण ती काही होईना. आठवायची तेव्हा पोरसवदाच. सुनेपेक्षाही लहान." त्यांनी काचेला न लागता त्या केसांवरून हवेतच बोट फिरवले. "अशी दिसली असतीस होय? आता झालीस बघ माझ्याएवढी."

त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मित्रांनो, हे त्या दाराएवढ्या फोटोला दाखवता आले नसते. साबणावरच्या नाही, चौकटीतल्या नाही, कुठल्याच फोटोला नाही. त्या घटकेला मला कोणाचाही हेवा वाटला नाही. आजी ती प्रत पिशवीत घालून घरी गेल्या, तेव्हा थोडा वाटला. स्वभावाला काय करणार?

त्यांच्यामागे ताईंनी मला एका स्वच्छ कागदी पाकिटात घातले. आजवर पेटीत माझ्या खाचेपाशी फक्त 'कमळतळे, समारंभ' असे लिहिलेले होते. ताईंनी पाकिटावर तेच लिहून त्याखाली त्या बाईंचे पूर्ण नाव लिहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुने फोटो असतील, कदाचित माझ्यासारखी एखादी काचही असेल. त्यांना उन्हात टांगू नका, ओलीत ठेवू नका, अडगळ म्हणून टाकू नका. घरातली मोठी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा, हे कोण, ते कोण. आणि फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. मधोमध बसलेल्यांची नावे कोणीही लिहील. तुम्ही कडेला उभ्या असलेल्यांची आधी लिहा.