काचेतला भांग

गेल्याच आठवड्यात मी इथल्या वर्गात, इथल्या भाषेत, हात वर करून अख्खं उत्तर दिलं. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. हा परका देश आता आपल्या खिशात आहे, असंच वाटत होतं.

ताई इथे कॉलेजात शिकते, मी शाळेत. घरात आम्ही दोघीच. परवा संध्याकाळी ताई तापाने फणफणली होती. मी चपला अडकवून औषध आणायला पळाले. परत येते तर दार बंद! आमचं दार ओढलं की आपोआप लागतं, आणि किल्ली आत टेबलावर.

बेल वाजवली. दार बडवलं. "ताई, ए ताई!" आतून हूं की चूं नाही. फोन लावला, तर तो आतच वाजत राहिला.

कोपऱ्यावर एक कुलूपवाला बसतो. धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. त्याने पेटी उचलली, पण जागचा हलला नाही.

"काका, चला ना!"

"येतो पोरी. पण तू तिथेच राहतेस, हे गल्लीतल्या कुणीतरी सांगू दे. त्याशिवाय मी सख्ख्या भावाचंही दार उघडत नाही. कोण ओळखतं तुला?"

मी गल्लीभर नजर फिरवली. आई म्हणते, ही कार्टी दगडालाही बोलतं करेल. आणि इथे मी इतके महिने कानांत गाणी कोंबून या गल्लीतून ये-जा केली होती. बेकरीचा वास मला पाठ होता. पाव देणारीचा चेहरा आठवेना.

ताई वर एकटी. औषध माझ्या मुठीत.

"मी सांगते." शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातून एक बाई बाहेर आली. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. "दुसऱ्या मजल्यावरची आहे ही. रोज शाळेत जाताना माझ्या काचेत बघून भांग सरळ करते. दात तपासते. मागे तर काचेला भाषण ठोकलं, हात वर करून!"

त्या काळ्या काचेत मी रोज फक्त मलाच बघत होते. पलीकडे ही उभी असायची.

"थोरली बहीण आहे हिची. आज खाली उतरलीच नाही," ती कुलूपवाल्याला म्हणाली. "बघतोस काय? चल!"

दार उघडलं. ताई जमिनीवर पडली होती, दारापासून हातभर अंतरावर. बहुधा मला उघडायलाच उठली होती. मी नुसती खांबासारखी उभी. बाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला. "अगं बाई, माझी इस्त्री परवडली! अँब्युलन्स बोलाव आधी."

ताई अजून दवाखान्यात आहे. आज सकाळी तिने माझ्याकडे पाणी मागितलं. नावाने हाक मारून.

शाळेत जाताना काचेपाशी थांबले. गाणी बंद केली. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून काचेला नाक टेकवलं. आत वाफ, शर्टांचा ढीग आणि ती. तिने भुवया उंचावल्या. मी मान हलवली: बरी आहे.

तिने इस्त्री उभी ठेवली, क्षणभर डोळे मिटले. मग स्वतःच्या डोक्यावरून एक बोट तिरकं फिरवलं.

भांग वाकडा होता. तो नीट करायला मी आत गेले.