तार वाचणारी

“मनातल्या मनात काय वाचताय वहिनी? मोठ्याने वाचा की!”

शेजारच्या सुगंधाने असं म्हटलं तरी रत्नप्रभेचे ओठ उघडले नाहीत. तिने कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. तोवर अंधेरीच्या त्या बैठ्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं तिच्या ओट्याभोवती जमली होती. तार होती गुणाजीच्या नावाची. तो अजून कारखान्यातून यायचा होता. पण तार कुणाचीही असो, ती आधी रत्नप्रभेच्या हातात जायची, असा चाळीचा रिवाजच पडून गेला होता. इंग्रजी वाचणारी तीच एकटी.

शेवटी तिने वाचलं. “जानकी डिलिव्हर्ड सन एक्सपायर्ड स्टार्ट इमीजिएटली.”

“एक्सपायर्ड!” मार्तंडराव ओरडले. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि तेवढ्या वर्षांत दहा-वीस इंग्रजी शब्द त्यांना चिकटले होते. “एक्सपायर्ड म्हणजे खलास. गेली बिचारी. पोरगा झाला आणि ती गेली.”

बायकांनी पदर तोंडाला लावले. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर गुणाजीच्या बायकोला, जानकीला, दिवस राहिले होते. शिमग्याच्या आधी ती मालवणकडे माहेरी गेली, तेव्हा याच बायकांनी तिची ओटी भरली होती. सुगंधा डोळे पुसत गुणाजीच्या खोलीत शिरली आणि दांडीवरची जानकीची लुगडी काढून त्यांचं गाठोडं बांधायला लागली.

“थांबा गं,” रत्नप्रभा म्हणाली. “असं लिहिलेलं नाही.”

“मग कसं लिहिलंय?” मार्तंडराव उखडले.

“जानकीला मुलगा झाला आणि जानकी गेली, असं होतं. पण जानकी बाळंत झाली आणि मुलगा गेला, असंही होतं. मध्ये कुठे टिंब नाही. दोन्ही लागतं.”

“दोन्ही कसं लागेल? मरण काय दोन तऱ्हांनी वाचायची चीज आहे?”

रत्नप्रभेने तार पुन्हा उजेडाकडे धरली. गेल्या दहा-अकरा वर्षांत तिने या ओट्यावर कितीतरी तारा वाचल्या होत्या. कुणाचा बाप, कुणाची आई, एकदा तर एका घरातली दोन्ही भावंडं. चाळीतलं प्रत्येक मरण आधी तिला कळायचं आणि मग घरच्यांना. त्यामुळे बायका तिला जरा बिचकूनच असत. सुगंधाने धाकट्याच्या बारशाला तिला बोलावलं होतं, पण पाळण्यापासून लांब बसवलं होतं. रत्नप्रभेच्या ते लक्षात आलं नाही असं नाही.

हे इंग्रजी तिला मिळालं होतं ते अंधेरीतल्याच एका कॉन्व्हेंटमधून. तिचे वडील जवळच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या शब्दाखातर सिस्टरांनी मुलीला शाळेत घेतलं. पहिली तीन वर्षं ती नुसती घाबरून होती, आणि पुढची तीन वर्षं वर्गात पहिली. व्याकरण शिकवायला सिस्टर बेनेडिक्टा होत्या. एकेक वाक्य फळ्यावर लिहून त्या विचारायच्या, कर्ता कोण? क्रियापद कुठलं? कुणी अंदाजाने उत्तर दिलं की म्हणायच्या, “वाक्यात जे आहे ते सांग, तुला हवं ते नको.”

मग तिच्या बाराव्या वर्षी आजी गेली. अंगणात आजीला निजवलं होतं, तोंडात तुळशीचं पान घातलं होतं. सगळ्यांनी हात जोडले, आणि रत्नप्रभेचा उजवा हात आपसूक कपाळाला गेला, मग छातीला, मग एका खांद्याला आणि दुसऱ्या खांद्याला. कुणी तिला शिकवलं नव्हतं. सहा वर्षं सकाळच्या प्रार्थनेत भोवतीच्या मुलींना पाहून हाताला ते क्रुसाचं वळण लागलं होतं. चुलती किंचाळली. “पोर बाटली!” आठवड्याच्या आत वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढलं. कारण सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. सतराव्या वर्षी श्यामकांतशी लग्न झालं. तो व्हर्नाक्युलर फायनल झालेला, लाकडाच्या वखारीत कारकून. माणूस साधा. आता त्यांची मुलगी नीला मराठी शाळेत दुसरीत होती. तिला कुठे घालायचं यावरून नवरा-बायकोत वादसुद्धा झाला नव्हता. कॉन्व्हेंटचं नाव रत्नप्रभा घरात काढतच नसे.

तीनच्या सुमाराला गुणाजी आला. गर्दी पाहून तो दारातच थांबला. हातातला डबा त्याने खाली ठेवला नाही.

श्यामकांत वखारीतून जेवायला आला होता. तो बायकोच्या कानाशी पुटपुटला, “नुसतं सीरियस आहे म्हण आणि मोकळी हो. उद्या सकाळच्या बोटीने जाईल, तिथे काय ते कळेल. तू कशाला पडतेस यात?”

मरणाची बातमी सांगताना सगळे तसंच करत. ती स्वतःही तसं अनेकदा करत आली होती. पण गुणाजी सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“वयनी, खरा काय ता सांगा. जानकी आसा की गेली?”

“मला माहीत नाही, गुणाजी.”

“तारेत लिवलेला नाय?”

“लिहिलंय. पण दोघांतलं एक गेलंय. कोण, ते त्यावरून कळत नाही.”

“कॉन्व्हेंटात शिकून एवढं कळत नाही!” मार्तंडराव म्हणाले. “अरे गुणाजी, मन घट्ट कर. अंघोळ कर, न्हाव्याला बोलावू. बायको गेलीय तुझी.”

गुणाजीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. “तुमका म्हायत नाय, तर कोणाक म्हायत असात?” त्याने रत्नप्रभेला विचारलं.

तो चिडून विचारत नव्हता. खरोखरच विचारत होता. रत्नप्रभेने हातातल्या कागदाकडे पाहिलं. आपलं वाचन चुकत असेल तर? सहावीत तुटलेलं शिक्षण. पुढच्या इयत्तेत कदाचित असा काही नियम शिकवत असतील की ज्याने हे सहा शब्द पटकन सुटतात. मार्तंडरावांना दिसतंय ते आपल्यालाच दिसत नसेल तर?

“एक बाई आहेत,” ती म्हणाली. “चला माझ्याबरोबर.”

“कुठे?” श्यामकांतने विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला उत्तर कळलं. क्षणभर तो घुटमळला. मग म्हणाला, “थांब, चप्पल घालतो.”

तिघं भाताच्या कोरड्या खाचरांतून चालत निघाली. कॉन्व्हेंट चाळीपासून वीस मिनिटांवर होतं. शाळा सुटल्यापासून अठरा वर्षं ती याच भागात राहत होती आणि अठरा वर्षं ही वाट टाळून बाजारात जात होती. फाटकाशी श्यामकांत थांबला. “तुम्ही या जाऊन,” म्हणाला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

सिस्टर बेनेडिक्टा आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. मूळच्या मंगळूरच्या. मराठी तेव्हाही मोडकं होतं, आताही तसंच. ऑफिसात त्या वह्या तपासत बसल्या होत्या. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं.

“कोण?”

“रत्नप्रभा, सिस्टर. कंपाउंडरची.”

त्या उठल्या नाहीत की हसल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी कागद मागितला. रत्नप्रभेने सगळं सांगितलं. मधेच तिच्या ध्यानात आलं की आपण इंग्रजीत बोलतोय, अडखळत, पण बोलतोय. गुणाजी दाराशी टोपी हातात धरून एकदा हिच्या आणि एकदा तिच्या तोंडाकडे पाहत होता.

सिस्टरांनी तार दोनदा वाचली आणि परत दिली. “एक्सपायर्डचा कर्ता कोण?”

“दोन होऊ शकतात, सिस्टर.”

“आणखी काही नियम आहे का, की ज्याने एकच होईल?”

“मला माहीत नाही. मी सहावीतच...”

“नाही. नियम नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवते. तू बरोबर वाचलंस.”

मग त्यांनी टेलिफोन उचलला आणि तारऑफिसकडे चौकशी केली. तिकडून तेच सहा शब्द पुन्हा आले. उलट तार करावी तर ज्या गावाहून ही आली तिथून जानकीचं माहेर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. उत्तर येईपर्यंत गुणाजी स्वतःच पोचला असता. सिस्टर गुणाजीपुढे आल्या आणि आपल्या मोडक्या मराठीत सावकाश म्हणाल्या, “ही खरा सांगते. दोन अर्थ हाय. तू जा. बघ.”

गुणाजीने मान हलवली आणि तो बाहेर गेला. रत्नप्रभाही वळली.

“रत्ना. पुढे शिकलीस?”

“नाही, सिस्टर.”

“तुझे वडील नाव काढायला आले तेव्हा त्या खुर्चीवर बसले होते,” सिस्टरांनी बोट दाखवलं. “खूप रडले. म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण मला त्याच लोकांत राहायचंय. तुला सांगितलं नसेल त्यांनी.”

साधी वेताची खुर्ची होती. रत्नप्रभा तिच्याकडे पाहत राहिली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. शाळा सुटल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती, आणि त्यांनीही ते निमूट सोसलं होतं. मग तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि ती बाहेर पडली.

संध्याकाळी मार्तंडरावांनी न्हावी आणून बसवलाच होता. गुणाजी म्हणाला, “दोन अर्थ आसत. मी डोक्याक वस्तरो लावचंय नाय.” त्याने जानकीच्या लुगड्यांचं गाठोडं सोडलं, एकेक लुगडं पुन्हा दांडीवर टाकलं, आणि पहाटे भाऊच्या धक्क्याला गेला.

त्यानंतरचे दिवस रत्नप्रभेला खायला उठले. तांदूळ निवडताना, नीलाची वेणी घालताना ते सहा शब्द डोक्यात फिरायचे. जानकी असू दे, असं ती मनाशी म्हणायची, आणि तसं म्हणताच दचकायची. जानकी असायची तर पोर गेलेलं असायला हवं. पोर असू दे म्हणावं तर जानकी. देवापुढे हात जोडायचे तरी काय मागून? ती नुसतीच उभी राहायची. नळावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. “एवढी शिकली म्हणे, आणि माणसाला अधांतरी टांगून ठेवलं.” श्यामकांतने एकदा विचारलं, “तू सीरियस म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“तर मार्तंडरावांचंच खरं धरून बसला असता तो.”

“आणि त्यांचंच खरं निघालं तर?”

“तरी मी तेच सांगितलं असतं,” ती म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ठाम वाटला नाही.

तेराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, मराठीत, म्हणून या खेपेस ते मार्तंडरावांनी वाचलं. जानकी वाचली होती. मुलगा एकदाच रडला आणि गेला. मेव्हण्याने पोस्टात जाऊन तोंडी सांगितलं आणि पोस्टमास्तरने त्याचं असं इंग्रजी केलं. मार्तंडरावांनी कार्ड खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला आणि कुणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून ते रत्नप्रभेला ‘अहो’ म्हणायला लागले.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत गुणाजी जानकीला घेऊन आला. ती वाळून काडी झाली होती. बायका भेटायला आल्या, रडल्या, गेल्या. जानकी रडली नाही. दोन-तीन दिवसांनी गुणाजी कामावर गेल्यावर ती रत्नप्रभेच्या ओट्यावर येऊन बसली. नखाने ती जमीन खरवडत होती.

“वयनी, माका सगळ्यांनी मारून टाकलेला,” ती म्हणाली. “ह्यांनीच सांगितल्यानी माका.”

“तारच तशी होती गं.”

“तुमी नाय मारलात.”

रत्नप्रभेने चहाला आधण ठेवायला उठावं म्हणून पदर सावरला, तर जानकीने तिचा हात धरला.

“माझा एक काम करा. मी त्येचा नाव ठेवलंलंय. मनातच. कोणाक सांगूक नाय, ह्यांकापण नाय. ता लिवून देवा.”

“देते की. काय नाव?”

“नंदकुमार.” हे ती इतक्या हळू म्हणाली की रत्नप्रभेला वाकावं लागलं. “पण तुमच्या विंग्रजीत लिवा. मराठी आमचे हे अक्षरां जुळवून वाचतत. बघतीत आणि रडत बसतीत.”

रत्नप्रभेने नीलाच्या वहीतलं मधलं पान काढलं, दौत उघडली. शाळेत शिकवलेल्या तिरक्या, जोडलेल्या अक्षरांत, टाक एकदाही न उचलता तिने ते नाव लिहिलं. जानकी श्वास धरून पाहत होती.

“येवढा लांब?”

“हो. मोठं नाव आहे.”

शाई वाळेपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग जानकीने कागदाच्या चार घड्या केल्या आणि चोळीत ठेवला. बाहेर नळाला पाणी आल्याची ओरड झाली. तिने कळशी उचलली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.