खिशावरची सुरकुती

सकाळचे साडेनऊ वाजले होते. आजींच्या दारात कागदवाली चपला काढत होती, तेवढ्यात आतून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला आणि पाठोपाठ हाक आली, "ये गं, दार लोटलेलंच आहे. आणलंस का माझं प्रगतिपुस्तक?"

दवाखान्याच्या दप्तरात तिचं पद समन्वयकाचं होतं, पण वस्तीत तिला सगळे कागदवालीच म्हणत. साठी उलटलेली, हृदय अधू झालेली आणि वर मनानेही खचलेली जी माणसं, त्यांची काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायची अशी योजना होती. डॉक्टर, नर्स, समुपदेशक, औषधवाला, आणि पाचवी ही. वस्तीतले लोक दोन पिढ्यांपूर्वी कुठून कुठून येऊन इथे टेकलेले. घरात त्यांची स्वतःची बोली, उंबऱ्याबाहेर उसनी. दवाखान्याच्या त्या लांब टेबलाशी त्यांची बोली येणारी ही एकटीच. म्हणून तर तिला घेतलं होतं, आणि म्हणूनच वस्तीतली अडतीस म्हातारी माणसं तिच्या एकटीच्या गळ्यात पडली होती.

आजींनी चाळीस वर्षं धुलाईच्या कारखान्यात इस्त्री केली. आजोबा अकरा महिन्यांपूर्वी गेले. तरी रोज सकाळी आजी त्यांचा एक शर्ट टेबलावर पसरत आणि गुणगुणत त्याच्यावरून इस्त्री फिरवत:

"आधी कॉलर, मग बाही, इस्तरी माझी थांबत नाही,
ल्यायचा तो गेला बाई, घडी कुणी मोडत नाही."

"पहिला प्रश्न," कागदवालीने पेन काढलं. "गेल्या दोन आठवड्यांत कशात जीव रमत नाही असं झालं? मुळीच नाही तर शून्य, रोज झालं तर तीन."

"शून्य."

"झोप?"

"शून्य. ढाराढूर."

"भूक?"

"एक घाल. अगदीच शून्य दिलं तर खोटं वाटेल."

कागदवाली हसली. नऊ प्रश्नांची बेरीज झाली सात. फेब्रुवारीत हीच बेरीज सतरा होती. मग पंधरा, तेरा, अकरा, अशी जिना उतरल्यासारखी खाली आली. गेल्या खेपेला नऊ होती. लागोपाठ दोनदा दहाच्या खाली आलं की माणूस बरं झालं असं योजनेत धरत, आणि कॉम्प्युटर संध्याकाळी पाचला फाईल आपोआप बंद करी. कागदवालीने तिथल्या तिथे फोनवरून आकडे पाठवून दिले. एक तरी सुटली, असं वाटून तिला जरा हलकंही वाटलं.

मग तिचं लक्ष शर्टाकडे गेलं. कॉलर ताठ. बाह्यांची घडी सुरीसारखी. फक्त छातीवरचा खिसा चुरगळलेला, आणि इस्त्री त्याला वळसा घालून जात होती.

"आजी, खिसा राहिला की."

"राहू दे."

"चाळीस वर्षांत तुम्ही खिसा सोडलाय कधी?"

कागदवालीने हात पुढे केला आणि खिशात बोटं घातली. मूठभर गोळ्या निघाल्या. पांढऱ्या, गोल, रक्तदाबाच्या. संध्याकाळच्या.

"किती दिवसांच्या आहेत या?"

"या महिन्याच्या." आजींनी मानेने खुंटीकडे दाखवलं. तिथे आणखी शर्ट टांगलेले होते. "बाकीच्या तिकडे."

कागदवाली खुंटीपाशी गेली. एकेका शर्टाचा खिसा जड होता.

"आजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? हृदयात नळी बसवलीय तुमच्या!"

"ओरडू नकोस. सकाळची घेते मी. संध्याकाळची ते द्यायचे. तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पेला. म्हणायचे, गीळ बया, अजून पुष्कळ भांडायचंय आपल्याला." आजींनी इस्त्री उभी केली. "आता मी माझ्याच हाताने घ्यायची? दिवे लागायच्या वेळेला डबी उघडते, बघते, आणि त्यांच्या खिशात टाकते. त्यांचं काम होतं, त्यांनी करावं."

"मग माझ्या कागदावर शून्य, शून्य, शून्य काय म्हणून?"

आजींनी तिच्याकडे अशा मायेने पाहिलं की तिला आणखीच संताप आला. "अगं, पहिल्या खेपेला सतरा झाले तेव्हा तू इथूनच फोन केलास. पलीकडून डॉक्टरीणबाई कशा कडाडल्या! सतरा? इतके कसे? तुझं तोंड एवढंसं झालं. मला कळत नाही होय? आपल्यातली एक पोरगी त्या टेबलाशी बसलीय. आमच्यापायी तुझे मार्क खराब झाले, तर उद्या उठवतील तुला. म्हणून मग मी दर खेपेला दोन-दोन कमी करत आले. एकदम केले असते तर तू मला पकडलं असतंस."

"ते माझे मार्क नाहीत, आजी!"

"कागद तुझा, सही तुझी. मग मार्क कुणाचे?"

दुपारी बाराला टीमची बैठक होती. कागदवालीने टेबलावर शर्ट ठेवला आणि खिसा रिता केला. गोळ्या टपटप घरंगळल्या, एक तर डॉक्टरीणबाईंच्या चहापर्यंत गेली.

"माझ्याकडे शंभर टक्के आहे," औषधवाला आधी म्हणाला. "दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाकीट नेतात. एक महिना चुकलेला नाही."

"नेतात हो. खातात का?"

"तो रकाना माझ्याकडे नाही."

नर्स म्हणाली, "दाब दोनदा वर लागला होता. शेऱ्यात लिहिलंय मी. शेरे कोणी वाचत नाही, हा माझा दोष?"

समुपदेशकाचा आवाज मऊ होता. "संध्याकाळ जड जाते असं म्हणाल्या होत्या मला. मी उद्दिष्टात फिरायला जाणं घातलं."

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. "आणि दाब उतरत नाही म्हणून मी संध्याकाळचीच गोळी वाढवून दिली."

कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपला रकाना नेटका भरला होता, आणि चार नेटक्या रकान्यांमधून एक बाई सरळ खाली गळून गेली होती. काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायची म्हणे! कागदवालीला वाटलं, टेबल उलथं करावं. पण पाचवा रकाना तिचा होता आणि सगळ्यांत सुबक खोटं त्यातच होतं.

"फाईल उघडी ठेवा," ती म्हणाली.

"पाचला बंद होईल, माझ्या हातात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंद झाली की तीन महिने नाव परत घेता येत नाही. त्याआधी नवा आकडा पाठव. आणि वाढवलेली गोळी एकदम सुरू करू नका म्हणावं. जुनीच द्या, उद्या मी स्वतः तपासते."

साडेतीनला कागदवाली परत आजींच्या दारात उभी होती. ऊन, धूळ, आणि डोक्यात नुसता जाळ.

"आजी, पुन्हा विचारते. खरं सांगा."

"आणि तुझं?"

"मला नापास करा. तुम्ही मला पास केलंत तर तुमचं दार बंद होतंय."

आजी स्टुलावर बसल्या. इस्त्री गार होती. हात मोकळे राहिले की काय करावं ते त्यांना समजेना, म्हणून मांडीवरच्या लुगड्याला घड्या घालत राहिल्या. कशात जीव रमत नाही? तीन. झोप? तीन. भूक? दोन. एकेक आकडा तोंडातून दात उपटावा तसा निघत होता. नववा प्रश्न आला तेव्हा त्यांनी घातलेल्या सगळ्या घड्या मोडल्या. आपण नसलेलं बरं, असं मनात येतं का?

"एक लिही," अखेर त्या म्हणाल्या. "संध्याकाळपुरता."

बेरीज एकोणीस. कागदवालीने आकडा पाठवला. वेळ तीन सत्तावन्न. मग तिने समुपदेशकाला फोन लावला. नवव्या प्रश्नाचं ऐकताच तो म्हणाला, "निघालोच," आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ नव्हता. मग तिने नर्सला लावला, कारण नर्सचं घर मागच्याच गल्लीत होतं.

"गोळी हातावर ठेवायची? म्हणजे रोज?" नर्स करवादली. "माझी ड्युटी साडेपाचला संपते, बाई. हे कुठल्या रकान्यात भरू मी?" मग पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "साडेसहाला चालेल का त्यांना?"

"विचारतायत, साडेसहा चालेल का?"

"ती?" आजींनी नाक मुरडलं. "दाब घेताना दंड आवळते नुसती." मग त्यांनी पदर खोचला. "येऊ दे. पण बया म्हणायचं नाही तिने."

कागदवालीला हसू फुटलं. पायात चपला सरकवताना तिने सहज म्हणून विचारलं, "हे मार्कांचं तुमच्या एकटीच्याच डोक्यात आलं ना?"

"एकटीच्या कशाला?" आजींना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. पोरगी आपली आहे, सांभाळून घ्या म्हणून."

कागदवाली गल्लीत उभी राहिली. बॅगेतून तिने यादी काढली. अडतीस नावं, आणि प्रत्येकापुढे जिना उतरत आलेले सुरेख आकडे. बारा, दहा, आठ. पंधरा, बारा, नऊ. तीन फायली तर तिच्याच आकड्यांनी बंद झाल्या होत्या, आणि त्यातल्या एकीबद्दल टीमने टाळ्याही वाजवल्या होत्या. शेजारच्या घरात म्हातारा सुतार राहत होता. छातीत दोनदा कळ येऊन गेलेला, बायको आणि लेक दोघींना पोचवून आलेला. गेल्या खेपेला त्याची बेरीज होती दोन. तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं.

तिने त्याची कडी वाजवली.

"कोण?"

"मी, बाबा. कागदवाली."

"ये गं पोरी!" तिने काही विचारायच्या आतच आतून घाईघाईने उत्तर आलं. "मी अगदी मजेत आहे!"