चौथं रीळ

खिडकीवर घोंगडी ठोकताना वैभवने आणखी एक खिळा वाकवला. रविवारची उतरती दुपार होती, आणि लालबागच्या त्या चाळीत पश्चिमेचं ऊन पार मोरीपर्यंत यायचं. अंधार केल्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नव्हतं.

"आण इकडे ती हातोडी," हरेश्वर म्हणाला. "तू नुसती घोंगडी धर."

सत्तरी ओलांडलेल्या हरेश्वरने चार ठोक्यांत काम संपवलं. वैभवची आई, गंगुबाई, खाटेवरून हे बघत होती. दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाटेलाच होती. अंग सुकत चाललं होतं. जीभ मात्र शाबूत होती.

"ह्येच्या बापाशीक पण खिळो ठोकूक कधी जमलो नाय," ती म्हणाली.

हरेश्वर हसला. वैभव आणि त्याची बायको दर्शना हसली नाहीत.

हरेश्वर प्रभादेवीच्या कोळीवाड्यातला. घरची होडी भावाने सांभाळली. ह्याला तरुणपणीच सिनेमाच्या रिळांचं वेड लागलं. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला, चाळीचाळींतून पडदा लावून सिनेमे दाखवायचे हा त्याचा धंदा. मग घरोघरी टीव्ही आला, पुढे मोबाइल आला, आणि हरेश्वरकडे एक प्रोजेक्टर आणि एकोणीसशे चाळीसनंतरच्या दहा वर्षांतले काही सिनेमे, काही कार्टूनं एवढंच उरलं. ते आता बघणार कोण? ज्यांनी लहानपणी ते बघितले ती माणसं आता घराबाहेर पडत नव्हती. तेव्हा त्याची पुतणी शेफाली म्हणाली, काका, तुम्हीच जा ना त्यांच्याकडे. तो जायला लागला. बोळक्या तोंडांची माणसं भिंतीवरच्या चादरीकडे बघून अशी हसायची की घरचे चकित व्हायचे. हरेश्वरच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

मग फणसवाडीतले कुशाबा गेले, सिनेमा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी. पाठोपाठ प्रभादेवीच्या रमाबाई. मग परळचे एक मास्तर. नव्वदीला टेकलेली माणसं ती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय? पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? हरेश्वरने शेवटचं रीळ लावलं की माणूस आटोपला, असं आधी गमतीने म्हणायला लागले, मग गंमत राहिली नाही. हरेश्वरने आधी ते हसण्यावारी नेलं. नंतर मात्र तो शेवटचं रीळ घरीच ठेवून जायला लागला. "खराब झालंय हो," असं सांगून आधीच्या रिळावर थांबायचा. तरीही बोलावणी बंद झाली.

म्हणून वैभवचा फोन आला, आणि "सगळी रिळं घेऊन या" असं तो म्हणाला, तेव्हा हरेश्वरला आनंद झाला होता. असल्या गोष्टी न मानणारं एक तरी घर निघालं, असं त्याला वाटलं होतं.

दर्शनाने चहा आणला. वैभवने दोन्ही कप उचलले आणि त्याला बाहेर गॅलरीत नेलं.

"काका, एक सांगायचं होतं." तो खाली चौकात बघत बोलत होता. "मधेच थांबवू नका हां. पूर्ण दाखवा."

"शेवटचं रीळ जरा..."

"खराब नाहीये ते. मी विचारलंय लोकांना."

हरेश्वरने कप कठड्यावर ठेवला. "तुझा विश्वास आहे ह्या असल्यावर?"

"छे हो. मी काय अडाणी आहे?" वैभवने एकदा दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण लोक बोलतात की त्रास नाही होत. झोपेतच जातात."

आत दर्शना सासूखालची चादर बदलत होती. बदलताना तिचा एक हात स्वतःच्या कमरेवर होता.

"दर्शनाची पाठ गेलीये, काका. आमची अक्षदा बारावीला आहे, जिन्यात बसून अभ्यास करते. आई रात्रभर कण्हते, कोणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. आम्ही वाईट नाही हो."

ते वाईट नव्हते, हे हरेश्वरला दिसत होतं. दोन वर्षं खाटेवर पडून गंगुबाईच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. केस विंचरलेले, नखं कापलेली. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण हा माणूस आपल्याकडे काय मागतोय, तेही त्याला आता समजलं होतं. त्याच क्षणी सामान आवरून निघायला हवं होतं. पण आतून गंगुबाईने हाक मारली, "अरे, लावतंस काय नाय?" आणि तो आत गेला.

आधी कार्टून लावलं. एक लठ्ठ पहारेकरी आणि त्याच्या कंदिलाभोवती घिरट्या घालणारा एक पतंग. पहारेकरी काठी उगारतो, ती दर वेळी त्याच्याच टोपीवर बसते. गंगुबाई खुदुखुदु हसत होती. मग मोठा सिनेमा सुरू झाला. त्याचा सुरुवातीचा तुकडाच जळाला होता, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला होडीवाल्याचा सिनेमा म्हणत. खाडीवरचा होडीवाला, त्याची बायको, आणि होडीवर डोळा असलेला त्याचा सावत्र भाऊ.

रीळ बदलायला हरेश्वरने दिवा लावला, तेव्हा त्याला तो गडू दिसला. काशीहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू. देव्हाऱ्यात असतो तो खाटेजवळच्या स्टुलावर आणून ठेवला होता. त्याचं सील फोडलेलं होतं, आणि वर तुळशीचं धुतलेलं पान होतं.

हरेश्वरने दर्शनाकडे बघितलं. तिने पदराने स्टुलाची कड पुसली.

तिसरं रीळ संपलं तेव्हा वादळात होडी बुडाली होती आणि बायको किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी होती. हरेश्वरने दिवा लावला आणि पेटीचं झाकण उघडलं.

"झालं, मावशी. पुढचं रीळ खराब आहे."

"काका!" वैभव म्हणाला.

"खराब आहे म्हटलं ना."

"खराब आसा तर पेटयेत कित्याक घेवन फिरतंस?" गंगुबाईने विचारलं.

हरेश्वर उतरवलेलं तिसरं रीळ डब्यात घालायला लागला. ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली.

"मी आठ वर्सांची होतंय. बाबा गिरणीत. हो सिनेमा किती खेपे बघूक गेलंव आमी. पण तो सावत्र भाव डोळे वटारून जवळ इलो काय आमचो मनू, माझो धाकलो भाव, भोकाड पसरायचो. की बाबा आमका दोघांकय उचलून भायर! शेवट म्हणान कधी बघूक गावलोच नाय." तिला धाप लागली. जरा थांबून ती म्हणाली, "बाबा गेले. मनू गेलो. आता मधेच रडणारा कोण नाय. लाव."

हरेश्वरने वैभवकडे बघितलं नाही. त्याने चौथं रीळ चढवलं, फिल्म चक्रांतून ओवली आणि दिवा मालवला.

इतकी वर्षं सिनेमे दाखवूनही हरेश्वरने सिनेमा असा बघितलाच नव्हता. त्याचे डोळे नेहमी यंत्रावर, फिल्म नीट सरकते की नाही ह्यावर. आज पहिल्यांदाच त्याने मान वर केली. पडद्याचा उजेड खोलीभर हलत होता. गंगुबाई उशीला टेकून एकटक पडद्याकडे बघत होती. वैभव आणि दर्शना खाटेच्या दोन बाजूंना बसली होती, आणि त्यांची तोंडं खाटेकडे होती.

पडद्यावर सावत्र भाऊ डोळे वटारून पुढे आला. गंगुबाईच्या घशातून घरघर आली. तिचे खांदे हलायला लागले. दर्शना अर्धवट उठली. तिचा हात गडूवर गेला. वैभवने आईचा दंड धरला. हरेश्वरचा हात बटणापाशी गेला आणि तिथेच राहिला. मग त्याला कळलं की म्हातारी हसते आहे.

"ह्येका बघून रडायचो आमचो मनू! ह्या सोंगाक!"

दर्शना खाली बसली. गडू तिच्या मांडीवरच राहिला. रीळ संपत आलं. शेवट झाला, आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड उरला. फिल्मचं सुटलेलं टोक यंत्रावर फटफट आपटत होतं. गंगुबाईचे डोळे मिटले होते.

"आई?" वैभव म्हणाला.

उत्तर आलं नाही.

"आई..." त्याचा आवाज फाटला. त्या आवाजात काय होतं, ते हरेश्वरला सांगता आलं नसतं. भीती होती, आणि दुसरंही काहीतरी होतं, आणि दोन्ही खरं होतं. दर्शनाने तुळशीचं पान उचललं.

"म्हंजे होडयेवालो मरूक नाय," डोळे न उघडता गंगुबाई म्हणाली. "इतकी वर्सां माका वाटलेला, मेलो."

हरेश्वरने यंत्र बंद केलं आणि दिवा लावला. दर्शनाने पान मुठीत मिटलं. वैभव घामाने भिजला होता. तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "आवडला ना, आई?"

"तुका आवडलो?"

"हो. मस्त होता."

"मग सांग. शेवटाक ती बायल होडयेवाल्याच्या हातात काय देता?"

वैभवने दर्शनाकडे बघितलं.

"दर्शना, तू सांग गो."

दर्शनाने मान खाली घातली. गॅलरीतून कोणाच्या तरी चपला फटफट करत गेल्या. गंगुबाई थोडा वेळ थांबली, जसं शाळेत बाई थांबतात. मग तिने मान वळवली.

"हरेश्वरा, फुडच्या आयतवारी परत घेवन ये. ह्येंनी कायएक बघूक नाय. आखो वेळ माझ्याकडेच बघत होती."

हरेश्वर पेटीवर हात ठेवून उभा राहिला.

"तेवा ह्या दोघांका फुडे बसव," ती म्हणाली. "मी मागसून बघतलंय."