शेवंडीची चव

हॉटेलातले सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. शेवंडीवर, म्हणजे लॉब्स्टरवर, त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणा आचाऱ्याचा बसलाच नव्हता. काचेच्या टाकीत मिशा हलवत पडलेली शेवंड गिऱ्हाइकाने बोटाने दाखवायची, वस्तादाने ती उचलून उकळत्या पाण्यात सोडायची आणि वरून झाकण दाबून धरायचं. दाबूनच धरावं लागे, कारण आतून धडका बसत. इतकी वर्षं त्याला त्यात काही वाटलं नव्हतं.

लेक कॉलेजात जायला लागली आणि एकदा ताटावरच म्हणाली, "बाबा, तिला कळतं रे सगळं. ती तडफडते आणि तू झाकण धरून उभा राहतोस. मला तुझ्या हातचं खाववत नाही."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तो शेवंड आधी बर्फात सुन्न करायचा, मग सुरीच्या एका घावात संपवायचा. मालक भडकला. "लोकांना ती पाण्यात पडताना बघायची असते, फोटो काढायचे असतात. तू तिला झोपवतोस काय? अंगाईपण म्हण!"

"शेठ, तडफडून मेलेलीचं मांस चिवट होतं. माझ्या पद्धतीने गोड लागतं."

"गोड खायचं असेल तर लोक मिठाईच्या दुकानात जातील."

वस्ताद हटला नाही. मालकाने त्याला भाजी चिरायला बसवलं. हाताखालची पोरं हसली, बायको चिडली, पण लेकीसमोर त्याची मान ताठ होती.

पुढे लेकीचं लग्न ठरलं. होणारे व्याही दिलदार माणूस. त्यांनी सगळ्यांना एका बड्या हॉटेलात जेवायला नेलं. तिथेही टाकी होतीच, शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलंही. "सूनबाई, तुम्ही निवडा," ते कौतुकाने म्हणाले.

लेक उठली. तिने एका शेवंडीकडे बोट दाखवलं. परत येऊन बसताना बापाच्या कानाशी पुटपुटली, "बाबा, आज काही बोलू नकोस ना."

त्याने मान डोलावली. शेवंड आली. लेकीने शेपटीचं मांस सोडवलं, खाल्लं, बोटं चाटली.

"वस्ताद, आता तुमचा निकाल!" व्याही म्हणाले.

त्याने घास घेतला. चिवट निघावा म्हणून त्याने मनातल्या मनात हात जोडले. घास लोण्यासारखा विरघळला. गोड होता. त्याच्या शेवंडीत आणि हिच्यात तसूभर फरक नव्हता.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

"मग लग्नाच्या जेवणाला तुमच्याच हातची हवी!"

लेकीने ताटातून डोकं वर काढलं नाही. "करतो की," वस्ताद म्हणाला.

लग्नात त्याने शेवंडी केल्या. पंगतीच्या पंगती तृप्त होऊन उठल्या. कशा मारल्या हे कुणी विचारलं नाही, लेकीनेही नाही. लेक भरल्या तोंडाने आत आली, "बाबा, सासरे आणखी मागतायत," म्हणाली आणि थाळी भरून घेऊन गेली.