भावोजी, आधी पाणी प्या

खुर्च्यांच्या त्या कारखान्याचे मालक दोघे भाऊ. केबिनी शेजारी शेजारी, मधे काचेची भिंत, आणि बरेच दिवस बोलणं बंद. जे काही म्हणायचं ते ईमेलवर. थोरला मेल पाठवायचा, धाकटा लाल अक्षरांत उत्तर द्यायचा, आणि समोरच्याचा चेहरा वाचताना कसा होतो ते दोघेही काचेतून बघायचे.

कारखान्याचे कॉम्प्युटर वहिनी सांभाळत. थोरल्याची बायको म्हणून नव्हे, ती कटकट दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून. चुकत चुकत शिकल्या होत्या.

एके सकाळी जावेचा फोन आला. "ताई, ह्यांनी वाटणीचा मेल लिहून ठेवलाय. आज पाठवणार. वकिलाला कॉपी! एकदा वकिलाच्या हातात गेलं की संपलं हो सगळं."

वहिनींनी तोडगा काढला. मेलला एक छोटं अ‍ॅड-इन जोडता येतं. कुणी 'पाठवा' दाबलं की ते आडवं येतं आणि आपण लिहून ठेवलेलं वाक्य दाखवतं. बसवायला कुणाच्या टेबलाशी जायला नको. आपल्याच कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची आणि कमांडची एक ओळ टाइप करायची. वहिनींनी ओळ लिहिली. ज्याला मिळेल त्याला ते काढता येऊ नये, अशी सक्तीही लिहिली. फक्त कुणासाठी, ते नाव घालायचं राहिलं. वाक्यात 'भावोजी' आहेच, म्हणजे कोण ते कळलंच, असं त्यांनी मनात धरलं. यंत्राला नाती कळत नाहीत. नाव नसलं की ते समजतं, सगळ्यांनाच.

थोड्याच वेळात ऑफिसभर, ज्याने ज्याने 'पाठवा' दाबलं त्याच्यासमोर अक्षरं आली: 'भावोजी, आधी पाणी प्या. मग दादाशी समोर बसून बोला.'

"मी कुणाची भावोजी?" विक्री विभागातली बाई किंचाळली.

"मी प्यायलो पाणी," हिशेबनीस म्हणाले. "आता दादा कुठून आणू? मी घरात सगळ्यात मोठा."

वहिनींनी धावत येऊन काढून टाकायची कमांड दिली. उत्तर आलं, सगळीकडून निघायला दिवसभर लागू शकतो. यायला क्षणभर, जायचं नाव नाही. अगदी पाहुण्याची जात.

तेवढ्यात थोरले बाहेर आले. "अगं, मी तुझा भावोजी कधीपासून?"

"ते तुमच्यासाठी नव्हतं हो."

"मग?"

अख्ख्या कारखान्यात वहिनींचा भावोजी एकच. सगळ्यांच्या माना धाकट्यांच्या केबिनीकडे वळल्या. धाकटे लालबुंद होऊन दारात आले.

"वहिनी, चारचौघांत?"

"चुकलं भावोजी. तुमच्या एकट्यासाठी होतं."

"म्हणजे मी एकटाच बिघडलोय?"

"वकिलाला कॉपी तुम्ही एकटेच टाकणार होता."

थोरल्यांनी चष्मा काढला. "वकिलाला? काय लिहिलंयस?"

"मेलवर येईल."

"मेल तुझ्या वहिनीने अडवलाय. वाच."

धाकट्यांनी त्या वाक्याखालचं 'तरीही पाठवा' दाबलं असतं तर मेल गेला असता. पण सगळं ऑफिस बघत होतं, आणि दादा विचारत होता. ते आत गेले आणि स्क्रीनवरून ताठ आवाजात वाचू लागले. "नवा कारखाना दादाकडे. जुनं गोदाम माझ्याकडे..."

"जुनं गोदाम? त्याचं छप्पर गळतं."

"माहीत आहे."

"मग तू कशाला घेतोस? ते माझ्याकडे राहू दे."

"तुझ्याकडे? त्या गुडघ्यांनी तिथला जिना चढणारेस?"

"माझ्या गुडघ्यांचं नाव काढायचं नाही!"

"काढणार! डॉक्टरने सांगितलेला पट्टा बांधतोस का? आणि छप्पर दुरुस्त करू म्हटलं तर उत्तर काय, 'कळावे'!"

"लाल अक्षरात विचारल्यावर दुसरं काय लिहू?"

आवाज चढत गेले. कुणीच काम करत नव्हतं. वहिनींचा फोन वाजला. पलीकडे जाऊबाई. "ताई, पाठवला का हो?"

"नाही. भांडताहेत."

"मेलवर?"

"तोंडाने."

"अगं बाई! मग असू दे, असू दे. मधे पडू नका."

"एवढं काही गळत नाही ते!" आतून धाकटे ओरडले.

"चल, दाखव मग!"

दोघे तसेच बाहेर पडले. वाटणीचा मेल अर्धा वाचलेला, स्क्रीनवर उघडाच राहिला. शिडीवर कोण चढणार आणि खालून कोण धरणार, यावरून जिन्यात पुन्हा आवाज चढला.